फावल्या वेळचे उद्योग : तळघरांतील तक्तपोशी

तळघरांत लांकडाची जमीन करावयाची असें मीं घरांत प्रथम बोलून दाखविलें, तेव्हां सौ.नें हातांतलें काम न थांबवितां विचारलें, "आणि वाळवीला अक्षत कोणाच्या हातीं पाठवावयाची?" प्रश्न थट्टेचा असला तरी अगदींच खोटा नव्हता. आपल्याकडे पायाखालीं असावयाची ती सारवलेली भुई, नाहीं तर शहाबादी फरशी. अलीकडे चिनी मातीच्या गुळगुळीत लाद्या. लांकडाची तक्तपोशी जुन्या वाड्यांतून दिसते ती माडीवर, तुळयांच्या आधारानें, जेथें खालून वरून वारा खेळतो अशा जागीं. तीच तक्तपोशी जमिनीच्या पोटांत नेऊन बसविणें बहुतेकांस अविचाराचें वाटेल. मला तें एकदां अविचारानें आणि एकदां विचारानें, असें दोन वेळां करावें लागलें. त्याची हकीकत या महिन्यांत सांगतों.

आमचें घर नागपुरांत गांधीबागेंत, कापडाच्या ठोक बाजाराजवळ. आजोबांनीं तें बांधलें तेव्हां धान्याच्या सांठ्यासाठीं दहा फूट रुंद व चौदा फूट लांब असें तळघर काढलें होतें. मागाहून पुष्कळ वर्षें एका व्यापाऱ्याच्या कापडाच्या गाठी तेथें असत. ते भाडेकरू गेल्यावर अण्णांनीं, म्हणजे माझ्या वडिलांनीं, तेथें कामाचें मेज मांडलें, भिंतीवर रंधे, पटाशा, करवती ओळीनें टांगल्या, आणि शिक्षकाच्या नोकरींतून मोकळे झाल्यापासून सकाळचे तीन-चार तास ते तेथें घालवूं लागले. आई गेल्यावर तर ती जागा म्हणजे त्यांचें घरांतलें घरच झालें. नागपूरकरांस सांगावयास नको कीं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा असतो आणि मुलें चाकांचे लांकडी नंदी सजवून ओढीत नेतात. आमच्या गल्लींतील मुलांचे नंदी गेलीं कित्येक वर्षें अण्णांच्या हातचे. कोणाचें शिंग मोडलें, कोणाचें चाक निसटलें कीं तें मूल थेट तळघराच्या पायऱ्या उतरून जाई.

अडचण होती ती फरशीची. दगडावर तास न् तास उभें राहून अण्णांचे गुडघे धरूं लागले. "काम करा, पण दगडावर उभे राहूं नका," असें डॉक्टरांनीं सांगितलें. शिवाय हातांतून पटाशी निसटली कीं फरशीवर तिची धार जाई, आणि ती पुन्हां लावण्यांत सकाळ संपे. लांकूड पायाखालीं किंचित् दबतें, पडलेल्या हत्याराला जपतें आणि थंडींत तळवे गारठवीत नाहीं. तेव्हां ही चैन नव्हे, असें मीं ठरविलें. आणि येत्या वैशाखांत अण्णांची पंचाहत्तरी होती, तिच्या आधीं काम पुरें व्हावें असेंही ठरविलें. चूक झाली ती या दुसऱ्या निश्चयांत.

सागवानासाठीं दूर जावें लागलें नाहीं. गांधीबागेजवळच लकडगंज, नांवाप्रमाणें तेथें लांकडाच्या वखारी आणि आरागिरण्या. चांदा, बल्लारशहा, आलापल्ली या बाजूच्या सागवानाची कीर्ति जुनी आहे. २०२३ सालीं उघडलेल्या दिल्लीच्या नव्या संसदभवनासाठीं सागवान नागपुराहून गेलें, आणि त्याच वर्षीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं तें बल्लारशहाहून रवाना झालें. त्या मानानें आमची दहा बाय चौदाची खोली म्हणजे किस झाड की पत्ती. पण फळ्या निवडतांना अण्णांनीं संसदेइतकाच वेळ घेतला. कडेचा पांढरा भाग राहिलेली प्रत्येक फळी त्यांनीं परत केली. सागवानाला वाळवी लागत नाहीं असें म्हणतात तें गाभ्यापुरतेंच खरें आहे. पांढरा भाग ती इतर कोणत्याही लांकडाप्रमाणें खाते.

काम करणारे मिस्त्री वयस्क आणि मोजकें बोलणारे. फळ्यांवरून हात फिरवून ते म्हणाले, "भाऊ, आता लाकूड लय वाळलं हाये. पाऊस होऊन जाऊ द्या, मंग बसवू." मीं पंचाहत्तरीची तारीख सांगितली. ते गप्प राहिले. मजुरी घेणाऱ्यानें एकदां सांगावें, दोनदां सांगूं नये, अशी त्यांची रीत असावी.

मेच्या तिसऱ्या आठवड्यांत, बाहेर पंचेचाळीस अंशांचें ऊन तापलें असतां, जुन्या फरशीवर रिपा पक्क्या करून त्यांवर फळ्या बसल्या. एकमेकींस अगदीं खेटून आणि दोन्हीं भिंतींस भिडवून. एकही फट दिसतां कामा नये, हा माझा आग्रह. पंचाहत्तरीस आलेले पाहुणे एकेक करून खालीं गेले, चपला काढून चालून आले, आणि त्या दिवशीं माझें कौतुक अण्णांपेक्षां अधिकच झालें.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यांत एके सकाळीं खालून मोठा आवाज आला. खोलीच्या मधोमध तीन फळ्या खिळ्यांसकट उचलून बैलाच्या वशिंडासारख्या उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांत पाय अडखळून अण्णा मेजाशीं गुडघ्यांवर पडले होते. हाड मोडलें नाहीं, हें दैव. पण वर आल्यावर त्यांनीं तळघराची किल्ली माझ्या हातीं दिली, ती पुन्हां मागितली नाहीं. त्या वर्षीं मारबतीची मिरवणूक गेली, तान्हा पोळा झाला, आणि आमच्या गल्लींतील चार मुलें बिनचाकांचे नंदी कांखेंत धरून गेलीं.

काय झालें हें कागदावर मांडून पाहण्यास मला त्यानंतर भरपूर वेळ मिळाला. लांकूड तोडून वर्षें लोटलीं तरी हवेंतील ओल घेणें व सोडणें त्याचें चालूच राहतें. तें लांबींत जवळजवळ मुळींच वाढत नाहीं. वाढतें तें रुंदींत. नागपुरास एप्रिल-मेच्या दुपारीं हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा विसांच्या आसपास उतरते, आणि ऑगस्टांत सकाळीं ती ऐंशींच्या वर असते. मुंबईच्या सुतारास एवढा चढउतार सोसावा लागत नाहीं. सागवानाची दहा सेंटिमीटर रुंदीची फळी घेतली, तर तिच्यांतील पाण्याचें प्रमाण शेंकडा एकानें वाढलें म्हणजे ती सुमारें ०.१९ मिलिमीटर रुंद होते. हें ओंडका सरळ एकामागून एक चिरीत जाऊन काढलेल्या बहुतेक फळ्यांचें. चाकाचे आरे जसे मध्यापासून धांवेकडे जातात, तशा रेषेंत गाभ्यापासून सालीकडे चिरून काढलेली फळी याच्या निम्म्यानें, सुमारें ०.१० मिलिमीटर वाढते. म्हणून ती महाग असली तरी जमिनीस तीच उत्तम. आंकडे किती क्षुद्र दिसतात! पण मेमधील सहा टक्क्यांचें लांकूड ऑगस्टांत बारा टक्क्यांवर गेलें, तर दहा फूट रुंदीच्या खोलींत साऱ्या फळ्या मिळून साडेतीन सेंटिमीटर अधिक जागा मागतात. भिंती मागें सरत नाहींत. मग फळ्यांस एकच वाट उरते, ती वरची. आणि सागवान हें तरी या बाबतींत सोशिक लांकूड आहे.

आतां ही ओल तळघरांत येते कोठून? शेजाऱ्यांचीं मतें दोन पडलीं. एक पक्ष म्हणे, ती जमिनींतून येते, तेव्हां डांबर फांसा; दुसरा म्हणे, वारा नाहीं म्हणून येते, तेव्हां खिडक्या उघड्या ठेवा. याचा निवाडा करण्यास विद्वान् लागत नाहीं. एक मीटर चौरस प्लास्टिकचा कागद फरशीवर पसरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि दोन दिवस तसाच राहूं द्यावा. खालच्या बाजूस थेंब जमले तर पाणी जमिनींतून येत आहे. वरच्या बाजूस जमले तर हवेंतून. उखडलेल्या फळ्या बाजूस रचून आम्हीं भाद्रपदांत असे चार कागद चार ठिकाणीं लाविले. एका कोपऱ्यांत थेंब खालीं. बाकी तिन्ही ठिकाणीं वर. कोपऱ्याचें कारण बाहेर जाऊन पाहतांच सांपडलें. गच्चीचें पाणी आणणारी पन्हळ भिंतीच्या अगदीं बुडाशीं पडत होती. तिला नळी जोडून पाणी दूर नाल्यांत सोडलें. तसें न करतां आंतून डांबराचे कितीही हात दिले असते तरी तें व्यर्थ होतें.

वरच्या थेंबांचा उलगडा स्वयंपाकघरांतला आहे. पावसाळ्यांत थंड पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला कीं त्याला बाहेरून घाम येतो. तें पाणी तांब्यांतून झिरपलेलें नसतें. दमट हवा थंड धातूला लागली म्हणजे तिच्यांतील ओल तेथें थेंबरूपानें उतरते. तळघराची फरशी आणि भिंती जमिनीमुळें अशाच थंड असतात. त्यांस श्रावणांतील उबदार, दमट हवा लागली कीं तोच घाम. म्हणजे वारा यावा म्हणून आम्हीं पावसाळाभर खिडक्या सताड उघड्या ठेवीत होतों, तो वारा नसून ओलीचा रतीब होता! खिडक्या उघडाव्या त्या दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यांत सकाळच्या वेळीं. मृगापासून हस्तापर्यंत त्या मिटून ठेवाव्या, आंत पंखा चालू ठेवावा, आणि ऐपत असेल तर हवेंतील ओल ओढून बादलींत सांठविणारें विजेचें यंत्र घ्यावें. आम्हीं तें घेतलें. भर पावसांत तें दिवसाकांठीं कित्येक लोटे पाणी काढतें आणि तें अंगणांतील जास्वंदीला जातें.

ज्या तळघरांत प्रत्यक्ष पुराचें पाणी शिरतें, तेथें मात्र लांकडाचा विचारच करूं नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहांटे नागपुरावर कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरीचा तलाव ओसंडला, आणि नाग नदीच्या कांठच्या वस्त्यांतून पाणी भरलें. अशा जागीं फरशीच बरी. ती धुऊन तरी निघते.

दिवाळी झाल्यावर मी मिस्त्रींकडे गेलों. मेमधील गोष्टीचा त्यांनीं उच्चारही केला नाहीं. "आता बसवू," एवढेंच म्हणाले.

जुन्या फळ्यांच्या कडा पुन्हां रंधून घेतल्या. त्या आठ सेंटिमीटर रुंद राहिल्या. मधें मधें रिपांचे तुकडे घालून त्यांची चळत तीन आठवडे तळघरांतच ठेविली, म्हणजे ज्या हवेंत राहावयाचें त्या हवेशीं त्यांचा समेट व्हावा. ओल मोजण्याचें लहान यंत्र बाजारांत मिळतें, परंतु स्वयंपाकघरांतील बारीक वजनकांटा असेल तर त्यावांचूनही भागतें. एका फळीचा १०९ ग्रॅम वजनाचा तुकडा सौ.च्या केकच्या भट्टींत शंभर अंशांच्या किंचित् वर, वजन उतरावयाचें थांबेपर्यंत तापविला. तो १०० ग्रॅमांवर स्थिरावला. नऊ ग्रॅम पाणी, शंभर ग्रॅम लांकूड. म्हणजे प्रमाण शेंकडा नऊ. वैशाख आणि श्रावण यांच्या बरोबर मधलें. त्या दोन दिवसांत घरांत केक झाला नाहीं, याचीही नोंद व्हावी अशी सूचना आहे.

फरशीचे सांधे सिमेंटानें बुजवून ते पुरते वाळूं दिले. (कोणी नवीन सिमेंटाचा थर घालणार असेल, तर इंचभर जाडीस एक महिना तरी वाळण्यास द्यावा.) त्यावर २५० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद, जोडाच्या ठिकाणीं एकावर एक वीस सेंटिमीटर चढवून चिकटविलेला आणि भिंतींवर चार बोटें वळविलेला. टांकणखार व बोरिक ॲसिड यांच्या द्रावणांत बुडवून वाळविलेल्या सागवानी रिपा त्यावर चाळीस सेंटिमीटरांच्या अंतरानें मांडल्या, पाणसळ लावून खालीं पाचरी सारून सारख्या केल्या. त्या फरशीस ठोकल्या नाहींत, कारण प्रत्येक खिळा म्हणजे कागदाला एक भोंक. फळ्यांच्या एका कडेस झिरी व दुसऱ्या कडेस तींत बसणारी जीभ असते; स्क्रू जिभेच्या मुळाशीं तिरपा घातला कीं पुढची फळी त्यास झांकून टाकते.

पहिली ओळ भिंतीला धरून लावावी कीं ताणलेल्या दोरीला, यावर मिस्त्री आणि मी बोलत असतां पायऱ्यांवरून आवाज आला, "दोरीला. भिंत बाबांनीं वांकडी बांधली आहे." तीन महिन्यांनंतर अण्णा प्रथमच खालीं आले होते. ते खुर्ची मागवून तेथेंच बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहींत. भिंत खरोखरच चौदा फुटांत दीड इंच कलली होती. भिंतीला धरून आरंभ केला असता, तर शेवटची फळी पाचरीसारखी कापावी लागली असती.

या वेळीं दर दोन फळ्यांत दोन पोस्टकार्डें एकावर एक मावतील इतकी फट ठेविली, आणि चारी भिंतींशीं दीड सेंटिमीटर जागा मोकळी सोडली. ती जागा झांकणारी पट्टी भिंतीस ठोकली, जमिनीस नव्हे, म्हणजे खालीं फळ्यांना सरकण्यास मोकळीक राहते. फटी दिसतात हें खरें. पाहुण्यांस त्या आवडत नाहींत.

घांसण्याचें काम कंटाळवाणें आहे आणि त्याविषयीं थोडक्यांत सांगतों. प्रथम चाळीस नंबरचा खरखरीत कागद, मग साठ, शेवटीं शंभर. सदैव लांकडाच्या रेषांच्या दिशेनें. सागवानाची धूळ कित्येकांच्या कातडीस व श्वासास बाधते, तेव्हां नाकातोंडावर मुखवटा हवाच.

पॉलिशाचा प्रश्न निराळा. चपडी लाख स्पिरिटांत विरघळवून केलेलें पॉलिश आपल्या कपाटांवर सुंदर दिसतें, पण पाणी सांडलें कीं पांढरें पडतें. जमिनीस तें उपयोगी नाहीं. पॉलियुरेथेनचा थर कांचेसारखा कठीण होतो, बैठकीच्या खोलींत मी तोच देईन. परंतु कारखान्यांत हत्यारें पडतात; असल्या थरावर चरा पडला कीं तो झांकण्यासाठीं पुष्कळदां सारी जमीन पुन्हां घांसावी लागते. शिवाय त्यावर भुसा पडला कीं पाय घसरतो, आणि आमच्या घरीं घसरण्याचा अनुभव ताजा होता. म्हणून आम्हीं उकळलेलें जवसाचें तेल पसंत केलें. चरा पडला तर तेवढ्याच जागीं घांसून तेल पुसावें कीं झालें. पांच लिटरांचा डबा पाहून "इतकी चटणी खाणार कोण?" असा प्रश्न आला, पण रंगाच्या दुकानांतील या तेलांत लवकर वाळण्यासाठीं धातूंचे क्षार घातलेले असतात, तें खाण्याचें नव्हे. खाण्याचें कच्चें तेल लांकडावर लाविलें तर तें वाळण्यास आठवडे घेतें.

सागवानांत स्वतःचेंच तेल असतें, म्हणून प्रथम स्पिरिटाच्या फडक्यानें जमीन पुसून घेतली. नंतर तेलांत थोडें टर्पेंटाइन मिसळून पहिला हात दिला, अर्ध्या तासानें जेवढें वर राहिलें तेवढें कोरड्या फडक्यानें टिपून घेतलें, आणि दोन दिवस वाळूं दिलें. असे तीन हात. तेल वर राहूं दिलें तर तें चिकट होऊन धूळ धरतें. एकूण कौशल्य लावण्यांत नसून पुसण्यांत आहे.

आतां धोक्याची गोष्ट, आणि ती कृपा करून हंसण्यावारी नेऊं नये. तेलाचीं फडकीं बोळा करून कोपऱ्यांत टाकलीं, तर तीं ठिणगीवांचून, आपोआप पेट घेतात. जवसाचें तेल वाळतें तें पाणी उडून नव्हे, हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन. त्यांत उष्णता निघते, आणि बोळ्याच्या आंत ती कोंडून वाढत जाते. तळघरांत रंध्याचे कुरळे पडलेले, वर सागवानी तुळया! नागपुरास लांकडाच्या आगीची आठवण नवी नाहीं. काळ्या दगडाचा आणि कोरीव लांकडी कामाचा भोसल्यांचा राजवाडा १८६४ सालीं जळाला, तेव्हां त्यांतील फारच थोडें उरलें. आम्हीं फडकीं पाण्यानें भरलेल्या झांकणाच्या डब्यांत बुडवीत होतों, आणि मग अंगणांत दोरीवर एकेक सुटें पसरून वाळवीत होतों.

काम संपलें जानेवारींत. त्यानंतर अण्णांनीं दाराच्या चौकटीवर शिसपेन्सिलीनें एक तक्ता आंखला आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ते मेजापुढील ठराविक फटींत पोस्टकार्डें घालून पाहतात आणि संख्या लिहितात. जानेवारींत दोन होतीं, मेमध्यें चार झालीं. आषाढांत मी रोज सकाळीं त्यांच्याआधीं खालीं जाऊन अनवाणी पायांनीं सारी जमीन चांचपून येत असें. हें त्यांस ठाऊक होतें असें मागाहून कळलें. भाद्रपदांत पोस्टकार्ड एकही शिरेना, आणि फळी एकही उचलली नाहीं. तान्ह्या पोळ्यास नंदी अकरा झाले. त्यांतील एकाचें चाक करकरतें म्हणून तो आज सकाळीं पुन्हां खालीं गेला आहे.